ओहळातले मासे आणि प्रवाहाची प्रकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक आणि कुळागरवाले, म्हणजे सुपारीची बागायती करणारे, यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माशांवरून ओहळाची प्रकृती कळते, म्हणजे नेमके काय कळते?

ओहळात वर्षभर राहणाऱ्या माशाला पाणी, तळ, काठावरची सावली आणि प्रवाहाचा वेग या सगळ्या गोष्टी एकाच वेळी मानवाव्या लागतात. यांतली एक जरी बिघडली तरी काही जाती कमी होतात, काही नाहीशा होतात आणि काही मोजक्या जाती मात्र फोफावतात. म्हणून एखाद्या ठिकाणी कोणकोणत्या जाती आहेत, त्या काय खातात, कोठे अंडी घालतात, त्यांत लहान-मोठे सर्व वयाचे मासे आहेत का आणि अंगावर जखमा किंवा गाठी आहेत का, हे पाहिले की त्या प्रवाहाची जिवंत व्यवस्था कितपत शाबूत आहे याचा अंदाज बांधता येतो. एकट्यादुकट्या माशावरून असा निष्कर्ष निघत नाही. येथे विचार होतो तो माशांच्या संपूर्ण समुदायाचा.

२. पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होत असताना मासे कशाला मोजायचे?

बाटलीत घेतलेला नमुना त्या घटकेपुरते सांगतो. रात्री कोणी सांडपाणी सोडले आणि सकाळी अकरा वाजता आपण बाटली भरली, तर अहवाल निर्दोष येऊ शकतो. मासे मात्र त्या रात्रीही तेथेच होते. शिवाय काठ खरवडून काढणे, गोटे व वाळू उपसणे, उन्हाळ्यात सगळे पाणी पंपाने खेचून घेणे ही हानी कोणत्याही रासायनिक चाचणीत दिसत नाही. पाणी स्वच्छ असते, पण त्यात राहण्याजोगी जागा उरलेली नसते.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. मासे आहेत म्हणून पाणी पिण्याजोगे आहे असे मुळीच नाही. मलमूत्रातील जिवाणू माशांना विशेष बाधत नाहीत, माणसाला बाधतात. पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी करावीच लागते आणि माशांचा अभ्यास तिची जागा घेत नाही.

३. ही पद्धत आली कोठून, आणि गुण कसे देतात?

जेम्स कार या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये, तेथील मध्य-पश्चिम भागातल्या ओढ्यांसाठी, जैविक अखंडतेचा निर्देशांक मांडला. त्यात बारा निकष आहेत आणि ते तीन गटांत मोडतात : जातींची संख्या व प्रकार, आहारानुसार माशांचे प्रमाण, आणि एकूण संख्या व शारीरिक स्थिती. प्रत्येक निकषावर त्या ओढ्याची तुलना त्याच प्रदेशातील जवळजवळ अबाधित ओढ्याशी करतात. स्थिती तिच्या जवळची असेल तर ५, मध्यम ढळलेली असेल तर ३ आणि फारच ढळलेली असेल तर १ गुण दिला जातो. त्यामुळे बेरीज कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त ६० येते. कार यांच्या वर्गवारीत ५८ ते ६० म्हणजे उत्तम आणि १२ ते २२ म्हणजे अतिशय वाईट.

ही कल्पना पुढे अनेक देशांनी आपापल्या नद्यांसाठी बदलून घेतली. भारतात मध्य प्रदेशातील खान आणि क्षिप्रा या नद्यांसाठी तसे रूपांतर करून केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशातही नद्यांची स्थिती ठरवताना माशांचा विचार सक्तीचा आहे. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांचा भर मात्र तळाशी राहणाऱ्या कीटक, शंख-शिंपल्यांसारख्या अपृष्ठवंशीय जिवांवर आहे.

४. मग अमेरिकेचे ते कोष्टक घेऊन आमच्या गावच्या ओहळाला गुण द्यावेत का?

देऊ नयेत. ते बारा निकष ज्या माशांवर बेतलेले आहेत ते मासे गोव्यात नाहीतच. घ्यायचा आहे तो त्यामागचा विचार. उदाहरणार्थ, कार यांच्या यादीत डार्टर नावाच्या छोट्या माशांच्या जाती मोजतात, कारण ते खळाळत्या पाण्यातल्या गोट्यांमध्ये राहतात आणि गाळ साचला की सर्वप्रथम जातात. आपल्याकडे तेच काम शिस्टुरासारखे तळाशी राहणारे छोटे मासे आणि दगडाला चिकटणारे गारा करतात. त्यांच्याकडील सकर हे दीर्घायुषी मासे ओढा अनेक वर्षे बरा राहिला याची साक्ष देतात. आपल्याकडे ती जागा महसिराला, म्हणजे खडस माशाला, देता येईल. सनफिश डोहांची स्थिती सांगतात, त्यांच्या जागी डोहात मध्यपाण्यात वावरणाऱ्या बार्ब गटातील देशी जाती घेता येतील.

५, ३, १ या गुणांच्या सीमारेषाही येथल्याच ओहळांवर ठरवाव्या लागतात. दहा जाती म्हणजे पुष्कळ की थोड्या, हे ओहळाच्या आकाराविना सांगताच येत नाही. उगमाजवळच्या झऱ्यात चार जाती असणे स्वाभाविक असते, पण खांडेपारसारख्या मोठ्या प्रवाहात तेवढ्याच मिळाल्या तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. प्रवाह खाली येत मोठा होत जातो तशी जातींची अपेक्षित संख्याही वाढत जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणची तुलना त्याच आकाराच्या ओहळाशीच करावी.

५. तुलनेसाठी चांगला ओहळ कोठे शोधायचा? गोव्यात आता काही अबाधित उरले आहे का?

पूर्णपणे अबाधित असे बहुधा काही नाही, पण बऱ्यापैकी राखलेले आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांतील ओहळ, विशेषतः ज्यांच्या वरच्या अंगाला वस्ती, खाण वा बंधारा नाही असे, तुलनेसाठी प्रथम पाहावेत. काही गावांत देवाच्या नावाने राखलेल्या कोंडी, म्हणजे डोह, असतात, तेथे मासे मारत नाहीत. अशी कोंड मोठ्या व जुन्या माशांच्या नोंदीसाठी उपयोगी पडते. मात्र भाविक तेथे तांदूळ-चुरमुरे घालत असतील तर माशांची दाटी कृत्रिम असते आणि संख्येच्या निकषासाठी ती जागा बाद धरावी.

एकच आदर्श ओहळ निवडण्याचा मोह टाळावा. एकसारख्या आकाराचे, एकसारख्या उतारावरचे पाच-सहा ओहळ घेतले तर निसर्गतः होणारा चढउतारही कळतो आणि बिघाड कोणता हे त्यातून वेगळे काढता येते.

६. आमच्या ओहळात मासेच मासे आहेत. म्हणजे तो निरोगीच ना?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे आणि उत्तर बहुतेक वेळा अपेक्षाभंग करणारे असते. समजा, एका ओहळात १२० मासे मिळाले आणि ते चौदा देशी जातींचे आहेत. दुसऱ्यात तेवढ्याच लांबीत ४०० मिळाले, पण जाती पाचच आणि चारशेंपैकी ३३० तिलापिया हे बाहेरून आणलेले मासे. दुसऱ्याची टोपली जड भरेल, गुण मात्र पहिल्याला जास्त मिळतील. सांडपाण्यामुळे शेवाळ व सेंद्रिय गाळ वाढला की काहीही खाऊन जगणाऱ्या जाती झपाट्याने वाढतात, आणि केवळ कीटकांवर जगणाऱ्या किंवा इतर मासे खाणाऱ्या जाती मागे पडतात. म्हणून आहाराचे निकष संख्येइतकेच महत्त्वाचे मानले आहेत. संख्येच्या निकषातही बाहेरून आलेल्या व अतिसहनशील जाती वगळून मोजण्याची पद्धत पुढे अनेकांनी स्वीकारली आणि ती योग्यच आहे.

७. कोणता मासा दिसला तर आनंद मानावा आणि कोणता दिसला तर शंका घ्यावी?

गारा हा वीतभराहूनही लहान मासा प्रथम शोधावा. खळाळात हात घालून पालथा गोटा उचलला की तो त्या गोट्याच्या खालून निसटतो. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते आणि खालच्या ओठाची चकतीसारखी रचना दगडाला धरून ठेवते. गोट्यांवर मातीचा थर बसला तर त्याला चिकटायलाही जागा राहत नाही आणि खरवडून खायचे शेवाळही मिळत नाही. गोट्यांच्या फटींत राहणारा पट्टेदार शिस्टुराही तसाच. हे दोन्ही मासे लहान-मोठ्या आकारांत मिळत असतील तर तळ चांगला आहे. पेथिया सेतनाई हा १९९२ मध्ये वर्णन झालेला छोटा बार्ब गोवा आणि लगतच्या कर्नाटकापुरताच मर्यादित आहे. तो मिळाल्यास छायाचित्र घेऊन जागेवरच सोडावा.

मरळ कुळातले मासे थेट हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, त्यामुळे ते असण्यावरून चांगले-वाईट काहीच ठरत नाही. ते निरोगी ओहळातही असतात. फक्त दुसरे काहीच उरले नसेल आणि तेवढेच उरले असतील तेव्हा प्राणवायू कमी पडत असल्याची शंका घ्यावी.

८. मासे कोणत्या महिन्यात पकडावेत? चढणीच्या वेळी तर सगळेच मिळतात.

चढणीच्या वेळी सगळे मिळतात, आणि त्या वेळी पकडू नये याचे एक कारण तेच आहे. मृगाच्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी वर चढतात, पाणथळ शेतांत आणि लहान ओहळांत शिरतात. त्या दिवसांत एखाद्या ठिकाणी मिळालेला मासा तेथला रहिवासी असतो की वाटसरू, हे ठरवता येत नाही. दुसरे म्हणजे पोटात अंडी असलेली मादी अभ्यासासाठीसुद्धा हाताळू नये. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तेव्हा फुगलेल्या ओहळात उतरणे जिवावर बेतू शकते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. प्रवाह स्थिरावलेला असतो, पाणी निवळलेले असते आणि त्या वर्षीची पिल्ले ओळखण्याइतकी वाढलेली असतात. एप्रिल-मे मध्ये पाणी आटून मासे डोहांत एकवटतात, तेव्हा दाटी फसवी असते. कोणताही काळ निवडा, दरवर्षी तोच ठेवा.

समुद्रातील यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, तिचा ओहळातील अभ्यासाशी संबंध नाही. परवानग्यांचे वेगळे पाहावे लागते, त्यासाठी प्रश्न ९ पाहावा.

९. पकडायचे कसे, किती अंतरात, आणि परवानगी कोणाची?

पागेर, म्हणजे फेकायचे जाळे, डोहात चालतो, खळाळात दगडांना अडकतो. तेथे दोघांनी बारीक जाळे खालच्या अंगाला धरावे आणि तिसऱ्याने वरून गोटे पायांनी हलवत यावे. काठाच्या मुळ्यांत हातजाळी फिरवावी. एकाच साधनाने केलेली यादी अपुरीच राहते : केवळ कांटाळी, म्हणजे मासे अडकवणारी उभी जाळी, लावली तर गारा आणि शिस्टुरा तुमच्या कागदावर येणारच नाहीत, आणि ओहळ गाळाने बिघडला आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल. परदेशांत वीजप्रवाहाने मासे क्षणभर बधिर करून मोजतात. ते प्रशिक्षित संस्थांचे काम आहे. आपल्या जांभ्या दगडाच्या मुलखातील पाण्यात क्षार कमी असल्याने तेथे ते साधन तसेही पुरेसे प्रभावी ठरत नाही. गावात कोणी बॅटरी-इन्व्हर्टरने असला प्रकार करत असेल तर त्याला अभ्यास म्हणू नये.

पाण्याच्या सरासरी रुंदीच्या सुमारे चाळीसपट लांबीचा पट्टा घ्यावा. चार मीटर रुंद ओहळासाठी १६० मीटर. त्यात खळाळ, संथ भाग आणि डोह तिन्ही यायला हवेत. दोन्ही टोकांना आडवे जाळे बांधले तर मासे निसटत नाहीत. किती माणसे, किती वेळ, कोणते जाळे हे दरवेळी लिहून ठेवावे, कारण त्याशिवाय पुढच्या वर्षीची तुलना करता येत नाही.

अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय मासा धरता येत नाही. बाहेरही मत्स्योद्योग खात्याला आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीला आधी कळवावे.

१०. अभ्यासासाठी मासे मारावे लागतात का?

सहसा नाही. ओहळाच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत, सावलीत, थोडे थोडे ठेवावेत. ओल्या हाताने मोजावेत, बाजूने छायाचित्र घ्यावे आणि जेथून धरले तेथेच सोडावेत. खवल्यांच्या रांगा व कल्ले दिसतील असे स्पष्ट छायाचित्र असेल तर बहुतेक जाती त्यावरून ओळखता येतात. न ओळखता येणाऱ्या जातीचे नमुने तज्ज्ञ संस्थेमार्फतच घ्यावेत.

११. वसंत बंधाऱ्याच्या वर मासे कमी आणि खाली जास्त मिळतात. पाणी बिघडले आहे का?

बहुधा पाणी बिघडलेले नसून वाट अडलेली असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला बंधाऱ्याच्या फळ्या घालतात आणि पावसाआधी काढतात. त्या वेळेवर काढल्या तर चढणीच्या माशांना वाट मिळते. मृगाचे पहिले पाणी येऊन गेल्यावर काढल्या तर त्या वर्षीची चढण हुकते. बंधाऱ्याखालच्या काँक्रीटच्या पट्टीवरून पाणी उंचावरून पडत असेल तर फळ्या काढूनही लहान मासे वर जाऊ शकत नाहीत.

म्हणून वरच्या भागाला कमी गुण आले की लगेच सांडपाण्याचा शोध घेत फिरू नये. वर कोणत्या जाती नाहीत ते पाहावे. खडससारख्या चढणाऱ्या जाती तेवढ्या गायब असतील आणि गारा-शिस्टुरा भरपूर असतील, तर दोष अडथळ्याचा. गारा-शिस्टुराही नसतील तर तळ आणि पाणी तपासावे. बंधाऱ्याच्या फुगवट्यातले साचलेले पाणी हा वेगळाच अधिवास आहे. नमुन्याचा पट्टा त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावा. साळावली किंवा अंजुणे यांसारख्या मोठ्या धरणांच्या जलाशयांना तर ही पद्धत लावूच नये.

१२. कुळागरात पोफळीवर मोरचुदाची फवारणी करतो. त्याने मासे मरतात का?

मरू शकतात. कोळेरोगासाठी वापरले जाणारे एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदातील तांबे माशांच्या कल्ल्यांवर आघात करते, आणि पाणी जितके मृदू, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जितके कमी, तितकी त्याची विषबाधा तीव्र होते. गोव्यातील ओहळांचे पाणी मृदू आहे. त्यात फवारणीचा काळ पावसाच्या तोंडावरचा आणि पावसाच्या उघडिपीतला, म्हणजे चढणीचा आणि पिल्लांचा.

फवारणी थांबवा असे कोणी म्हणत नाही. सुपारी गेली तर कुळागर राहणार नाही. पण मिश्रण ओहळाच्या काठावर किंवा पाटात कालवू नये, पिंपे आणि पंप ओहळात धुऊ नयेत, आणि उरलेले मिश्रण पाण्यात ओतू नये. प्रत्यक्षात सर्वाधिक नुकसान पानांवरून ओघळणाऱ्या थेंबांपेक्षा या धुण्या-ओतण्यातून होते. काजूच्या हंगामात बोंडांचा चोथा ओहळात टाकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मार्च ते मे या काळात मुळातच पाणी कमी असते.

१३. खाणी बंद होत्या त्या काळात ओहळ सुधारला असेल, हे माशांवरून सिद्ध करता येईल का?

आधीची नोंद असेल तरच. गोव्यातील लोहखनिज उत्खनन २०१२ मध्ये थांबले, पुढे अंशतः सुरू झाले आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबले. त्या काळाच्या आधीचे व नंतरचे, एकाच पट्ट्यातले, एकाच पद्धतीने घेतलेले आकडे असतील तर तुलना होते. नसतील तर खाणक्षेत्रातील ओहळ आणि तशाच आकाराचा खाणींपासून दूरचा ओहळ यांची आजची तुलना एवढेच हाती राहते. उत्खनन थांबले की पाणी लवकर निवळते, पण गोट्यांच्या फटींत घट्ट बसलेला तांबडा गाळ अनेक पावसाळे राहू शकतो. म्हणून मध्यपाण्यातले मासे परतले आणि तळाचे परतले नाहीत, असे चित्र दिसल्यास नवल वाटू नये.

१४. काळुंदर, शेवटे, चोणक हे खाडीतले मासे यादीत धरायचे का?

भरतीचे पाणी पोहोचते तेथे ही पद्धत थांबते. मांडवीत ती रेषा पार गांजेच्या परिसरापर्यंत आत जाते. तेथून खालच्या भागात कोणते मासे मिळतील हे भरती-ओहोटी आणि ऋतूनुसार बदलणाऱ्या खारेपणावर ठरते. खाडीसाठी वेगळे निर्देशांक लागतात. गोड्या पाण्याच्या ओहळात, भरतीरेषेच्या वर, हे मासे अधूनमधून मिळाले तर त्यांची नोंद जरूर करावी, मात्र गुणांच्या बेरजेत त्यांना घेऊ नये.

१५. रोहू-कटला देशी मासे आहेत, मग ते परके कसे?

रोहू, कटला आणि मृगळ मूळचे उत्तर भारतातील मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतले आहेत. गोव्याच्या पश्चिमवाहिनी नद्यांत ते धरणांत व तळ्यांत सोडलेल्या बीजातून आले. या कामापुरते ते परकेच. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिकचा तिलापिया, आफ्रिकन मागूर, गप्पी आणि गॅम्बुशिया तर निर्विवाद परके. डासांच्या अळ्या खाण्यासाठी परके मासे ओहळात सोडण्याची गरजही नाही. गोव्यात हिवतापाविरुद्ध अॅप्लोकायलस ब्लॉकी या देशी माशाचे प्रयोग १९९० च्या दशकातच झालेले आहेत.

१६. दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी विष घालून मासे मारले. आता मोजणी करावी का?

करावी, पण तिला वार्षिक मोजणी म्हणू नये. गेळाची फळे कुटून टाकणे ही जुनी रीत आहे. हल्ली ब्लीचिंग पावडर आणि कीटकनाशके वापरतात, ती माशांबरोबर त्यांचे खाद्य असलेले कीटकही संपवतात. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार विष आणि स्फोटके दोन्ही निषिद्ध आहेत. अशा घटनेनंतर घेतलेली मोजणी पुढे किती जाती परत आल्या हे पाहण्यासाठी मोलाची ठरते. वर-खाली अडथळा नसेल तर मासे पुढच्या चढणीत परत येऊ शकतात. अडथळा असेल तर प्रश्न ११ पाहावा.

आत्ताच मासे मरून तरंगत असतील तर मोजणीचा विचार बाजूला ठेवून लगेच स्वच्छ बाटलीत पाणी घ्यावे, वेळ लिहावी, वरच्या अंगाला मासे कोठपर्यंत जिवंत आहेत ते पाहावे आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. ते मासे खाऊ नयेत.

१७. संपूर्ण पट्ट्यात एकही मासा मिळाला नाही. किती गुण द्यावेत?

गुण देऊच नयेत. निर्देशांकाचा नीचांक १२ आहे, शून्य नाही. कार यांनीही ‘मासे नाहीत’ हा वर्ग वेगळाच ठेवला आहे. आधी कारण शोधावे. उंच धबधब्याच्या वरचे झरे आणि मार्चमध्ये कोरडे पडणारे ओहळ निसर्गतःच मत्स्यहीन असू शकतात, आणि तेथे तळाच्या कीटकांवरूनच निदान करावे लागते. गावातल्या साठी ओलांडलेल्या माणसांना पूर्वी तेथे मासे मिळत होते का हे विचारावे. मिळत होते असे दोघा-तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले, तर दुसऱ्या जाळ्याने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. तरीही हाती काही आले नाही, तर नोंदवहीत ‘मासे नाहीत’ असे लिहून वापरलेली साधने, वेळ आणि पाण्याची पातळी त्यापुढे नोंदवावी.